बारा इंचांचा पीळ

मे महिन्यातल्या एका सकाळी शेजारचे आजोबा हातात पुठ्ठा घेऊन आमच्या गॅरेजच्या दारात आले. वय अठ्ठ्याऐंशी. उभा जन्म गायी आणि गवताच्या शेतीत गेलेला. पुठ्ठ्यावर पाच भोकं होती आणि एकही गोल नव्हतं. चार जवाच्या दाण्यासारखी लांबट, पाचवं तर पार आडवं. गोळीची अख्खी कूस कागदावर उमटली होती.

"नळी संपली," आजोबा म्हणाले. "वडिलांची रायफल आहे म्हणून टाकवत नाही. आता भिंतीवर टांगतो."

मी रायफल घेतली, रिकामी असल्याची खात्री केली आणि बोल्ट काढून बाजूला ठेवला. रेमिंग्टन, मॉडेल ७२२. नळीवर कोरलेलं होतं ‘.२४४’. नळी खिडकीच्या उजेडाकडे धरून आत पाहिलं. आटे स्वच्छ होते, कडा उभ्या होत्या. संपलेली नळी अशी दिसत नाही.

मग मी नळी साफ करायचा गज काढला. त्याला घट्ट बसेल अशी चिंधी लावली आणि मुठीजवळ चिकटपट्टीचा छोटा झेंडा चिकटवला. गज हळूहळू आत लोटला की चिंधी आट्यांमध्ये बसते आणि गज आपोआप फिरायला लागतो. झेंडा वर असताना गजावर एक खूण केली. तो पुरा फिरून पुन्हा वर आला तेव्हा दुसरी. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे त्या नळीचा पीळ. तीनदा मोजलं. बारा इंच, अर्धं सूत कमी बारा, पुन्हा बारा.

"गोळ्या कुठल्या भरल्या होत्या?" मी विचारलं. त्यांनी खिशातून डबी काढली. १०५ ग्रेनच्या लांब, टोकदार, मागे निमुळत्या होत गेलेल्या गोळ्या. दुकानातल्या मुलाने ‘लांबच्या माऱ्याला हीच’ म्हणून दिल्या होत्या. मी म्हटलं, "आजोबा, नळी ठणठणीत आहे. तिला न पेलणारी गोळी दिलीत."

त्या बारा इंचांमागे मोठा इतिहास आहे. त्यातला बराचसा आमच्या या मोहॉक नदीच्या खोऱ्यात, न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात घडला. मराठीत तो कुणी लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही, म्हणून लिहितो.

मी मूळचा खडकीचा. वडील तिथल्या १८६९ पासूनच्या दारूगोळा कारखान्यात गेज तपासायचे. थ्री नॉट थ्रीच्या काडतुसाची मापं आमच्याकडे पाढ्यांसारखी कानावर पडत. "गेज खोटं बोलत नाही, वाचणारा बोलतो," हे बाबांचं ठरलेलं वाक्य. पुढे मी टूलरूममध्येच शिकलो, नोकरीने इकडे आलो आणि लेथच्या दोन हँडलांमध्ये पस्तीस वर्षं काढली. बाबांचं ते वाक्य मात्र सुटलं नाही.

पीळ म्हणजे काय, ते मला आजोळी कळलं. सिंधुदुर्गात मामाकडे ठासणीची बंदूक होती. तिची नळी आतून गुळगुळीत, पाण्याच्या नळासारखी. तिच्यातून गेलेला शिसाचा गोळा कुठे वळेल ते सांगता येत नसे, म्हणून मामा सावज अगदी जवळ येईपर्यंत थांबायचा. रायफलीच्या नळीत मात्र आतून तिरक्या खाचा, म्हणजेच आटे, कोरलेल्या असतात. गोळी त्या खाचांतून स्वतःभोवती गरगरत बाहेर पडते आणि भोवऱ्यासारखी तोल सांभाळते. बुटका भोवरा मंद फिरला तरी उभा राहतो, उंच आणि सडपातळ भोवऱ्याला जोरात फिरवावं लागतं. गोळीचंही तसंच आहे. ती जितकी लांब, तितका पीळ घट्ट हवा.

याचं गणित इंग्लंडमध्ये वुलविचला शिकवणाऱ्या आल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये मांडलं. गोळीच्या व्यासाचा वर्ग घ्यायचा, त्याला दीडशेने गुणायचं आणि लांबीने भागायचं. सगळी मापं इंचांत. व्यास ०.२२४ आणि लांबी अर्धा इंच असेल तर उत्तर येतं पंधरा, म्हणजे पंधरा इंचांत एक फेरा पुरे. तीच गोळी पाऊण इंच लांब केली की उत्तर दहावर येतं. या हिशेबात गोळीच्या वजनाला जागाच नाही, व्यास आणि लांबी एवढ्यांनाच आहे. आजोबांच्या पुठ्ठ्यावरची आडवी भोकं याच भागाकारातून आली होती.

आता जनावराकडे येतो, कारण सगळं सुरू झालं ते तिथून. इथे वुडचक नावाचा प्राणी आहे. आपल्या घुशीसारखा बिळं करणारा, पण आकाराने बराच मोठा, वजनाला दोन ते सहा किलो. गवताच्या शेतात तो खोल बिळं खणतो आणि तोंडाशी मातीचा ढीग लावतो. नांगर आणि गाडी घोड्यावर चालत होती त्या काळात अशा बिळात घोड्याचा पाय गेला की घोडा हातचा गेला. १८८३ मध्ये न्यू हॅम्पशर राज्याच्या विधिमंडळाने या एका प्राण्यासाठी समिती नेमली आणि दर वुडचकमागे दहा सेंट बक्षीस लावलं. अशा उपद्रवी जनावरांना इथले शेतकरी ‘व्हार्मिंट’ म्हणतात. त्यांच्यासाठीची रायफल ती व्हार्मिंट रायफल.

जूनमधली पहिली कापणी झाली की गवत खाली बसतं आणि वुडचक दिसायला लागतो, तोही दोनशे-तीनशे पावलांवर, बिळाच्या कडेला उभा, चाहूल लागताच आत. नेम धरायची जागा तळहाताएवढी. जुन्या काळ्या दारूच्या रायफलींची गोळी एवढ्या अंतरात इतकी खाली यायची की अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम गेलाच. अंतर मोजायचं यंत्र कुणाकडे नव्हतं. सैन्याची मोठी रायफल तिथे पोचायची, पण तिची जड गोळी दगडावर आपटून उडायची आणि आजूबाजूला माणसांची घरं, दुसऱ्यांच्या गायी. म्हणून हवी होती लहान, हलकी, पातळ कवचाची गोळी. ती इतक्या वेगाने जावी की वाटेत फारशी वाकू नये आणि जमिनीला लागताच तिचा चुरा व्हावा. वेगाची ही ओढ शिकारीच्या हौसेइतकीच शेजारधर्मातून आली होती.

पहिलं खरं उत्तर मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेत तयार झालं. टाउनसेंड व्हेलेन, ग्रोव्हनर वॉटकिन्स आणि त्यांच्या सोबत्यांनी १८८५ सालचं काळ्या दारूचं एक जुनं .२२ काडतूस घेतलं, त्यात धूर न करणारी दारू भरली आणि सैन्याच्या सरावी .२२ रायफली त्याच्यासाठी बदलून घेतल्या. त्याचं नाव हॉर्नेट, म्हणजे गांधीलमाशी. १९३० मध्ये विंचेस्टर कंपनीने ही काडतुसं बाजारात आणली तेव्हा ती चालवणारी एकही कारखानी रायफल विकत मिळत नव्हती. आधी काडतूस आलं, रायफल मागाहून.

हॉर्नेटची गोळी ४५ ग्रेनची. हे वजन मराठी घराला परकं नाही. इंग्रजी अमलात तोळा १८० ग्रेनचा ठरला होता आणि चांदीचा रुपया बरोबर एक तोळ्याचा होता. म्हणजे ४५ ग्रेन हा पाव तोळा, तीन मासे. आजीच्या बटव्यातल्या चांदीच्या पावलीचं वजन तेवढंच. ती पावली सुरुवातीला सेकंदाला सुमारे २,४०० फुटांच्या वेगाने जायची. गोळी आखूड, म्हणून पीळ सोळा इंचांचा सैल. पावणेदोनशे-दोनशे यार्डांपर्यंत हॉर्नेट शेतकऱ्याचं काम चोख करायची.

पुढे हाव वाढली. १९३५ मध्ये विंचेस्टरने ‘.२२० स्विफ्ट’ आणली. अमेरिकी नौदलाच्या १८९५ सालच्या सहा मिलिमीटर काडतुसाची पुंगळी घेऊन तिची मान आवळली आणि ४८ ग्रेनची गोळी सेकंदाला ४,११० फूट वेगाने सोडली. चार हजारांचा टप्पा ओलांडणारं ते पहिलं कारखानी काडतूस. पीळ चौदा इंचांचा. अंतराचा अंदाज पन्नास यार्डांनी चुकला तरी वुडचक सुटत नसे.

त्याची किंमत नळीने मोजली. एवढी दारू इतक्या बारीक भोकातून जाताना पुंगळीच्या तोंडासमोरचा नळीचा भाग, ज्याला आम्ही गळा म्हणतो, तापतो, त्याला बारीक तडे जातात आणि आटे झिजायला लागतात. पाठोपाठ गोळ्या झाडणाऱ्यांच्या नळ्या लवकर गेल्या. स्विफ्ट नळी खाते असा बोभाटा झाला. विंचेस्टरने पुढे स्विफ्टसाठी गंज न चढणाऱ्या पोलादाच्या नळ्या वापरल्या. त्या जास्त टिकल्या, पण झालेली बदनामी पुसली नाही.

आपल्याकडे म्हणतात, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. नळीच्या बाबतीत हे अक्षरशः खरं आहे. गळा जळतो, पुढचा पीळ शाबूत राहतो. म्हणून हुशार कारागीर अशी नळी फेकत नाही. ती लेथवर चढवतो, मागून जळालेला तुकडा कापतो, त्या टोकाला बाहेरून नवे आटे पाडून काडतूस बसायची कोठी पुन्हा कोरतो, आणि इंचभर आखूड झालेली नळी आणखी काही वर्षं चालते. मी स्वतः अशा काही नळ्या पुन्हा उभ्या केल्या. कापलेला तुकडा उभा चिरून पाहिला की आत उन्हाने भेगाळलेल्या तळ्यासारखं जाळं दिसतं.

वॉटकिन्स यांना मुळात स्विफ्ट वेगळ्या पुंगळीवर हवी होती. चार्ल्स न्यूटन यांनी १९१५ मध्ये सॅव्हेज कंपनीसाठी केलेल्या ‘.२५०-३०००’ या काडतुसाची ती पुंगळी. कारखान्याने नाकारलेली ती कल्पना गावोगावच्या बंदूक-कारागिरांनी उचलली. जे. ई. गेबी आणि जे. बुशनेल स्मिथ यांनी १९३७ च्या सुमारास ती पक्की करून ‘.२२ व्हार्मिंटर’ असं नाव दिलं. गेबींनी ते नाव नोंदवून टाकलं, म्हणून बाकीचे लोक त्याला ‘.२२-२५०’ म्हणू लागले. अशा घरी घडवलेल्या काडतुसाला इथे ‘वाइल्डकॅट’ म्हणतात. ते काडतूस सुमारे अठ्ठावीस वर्षं घरगुतीच राहिलं. १९६५ मध्ये रेमिंग्टनने ते कारखान्यात बनवायला घेतलं. स्विफ्टपेक्षा किंचित हळू, पण आज सर्वदूर चालतं ते हेच.

माझ्या घरापासून थोड्या अंतरावर फुल्टनव्हिल नावाचं नदीकाठचं छोटं गाव आहे. हार्वे डोनाल्डसन तिथले. काडतूस मोठं करत जाण्याच्या शर्यतीत त्यांनी उलटी वाट धरली. ‘.२१९ झिपर’ या काडतुसाची पुंगळी घेऊन ती कापून, आखूड करून त्यांनी आपली ‘वास्प’ घडवली. जेवढी दारू नीट जळते तेवढीच जागा ठेवायची हा त्यांचा आग्रह. टूलरूममधल्या माणसाला हे लगेच पटतं. गरजेपेक्षा मोठं यंत्र कधीही नेमकं काम देत नाही.

त्याच खोऱ्यात तासाभराच्या वाटेवर इलियन आहे, रेमिंग्टनचं गाव. तिथले अभियंते माइक वॉकर यांनी १९५० मध्ये ‘.२२२ रेमिंग्टन’ आणलं. कुठल्याही जुन्या पुंगळीवरून न घेता, मुळापासून नवं. ५० ग्रेनची गोळी, सेकंदाला ३,२०० फूट, पीळ चौदा. हॉर्नेट आणि स्विफ्ट यांच्या बरोबर मध्ये. बाकावर रायफल टेकवून एकाच भोकात गोळ्या घालण्याच्या स्पर्धांमध्ये या काडतुसाने पुढची कित्येक वर्षं राज्य केलं.

वॉकर यांचं नाव नळी बनवणाऱ्यांमध्ये आणखी एका गोष्टीसाठी घेतलं जातं. पूर्वी आटे कोरायला एक बारीक आकडी नळीतून ओढत. एका फेरीत पोलाद निघायचं इंचाच्या दहा हजाराव्या भागाएवढं. एक खाच पुरी व्हायला कितीतरी फेऱ्या आणि खाचा सहा-आठ. वॉकर यांनी बटणाची पद्धत रुळवली. अतिशय कठीण धातूचं, खाचांचा उलटा ठसा असलेलं बटण नळीतून एकदाच दाबून काढायचं. पोलाद कापलं जात नाही, दाबून बाजूला सरतं. चांगली नळी सामान्य शेतकऱ्याच्या खिशाला परवडायला लागली, त्यात या बटणाचा मोठा वाटा आहे.

आता आजोबांच्या रायफलीकडे परत जाऊ. दुसऱ्या महायुद्धात गोळ्या मिळेनाशा झाल्या तेव्हा कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलच्या फ्रेड हंटिंग्टन यांनी .२२ च्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करून त्यांतून गोळीची कवचं दाबून काढणारा साचा बनवला. भंगारातून गोळी. तिकडच्या डोंगरातल्या खडकांत राहणाऱ्या ‘रॉकचक’ या प्राण्यावरून साच्याला नाव दिलं आणि त्याच आद्याक्षरांची ‘आरसीबीएस’ कंपनी आज जगभर ओळखली जाते. हंटिंग्टन यांनी सहा मिलिमीटर गोळीचं एक घरगुती काडतूसही बांधलं होतं. रेमिंग्टनने ते उचललं आणि १९५५ मध्ये ‘.२४४ रेमिंग्टन’ म्हणून आणलं. त्याच वर्षी विंचेस्टरने आणलं ‘.२४३’. दोघांची गोळी एकाच व्यासाची. रेमिंग्टनच्या पुंगळीत दारू उलट थोडी जास्तच मावायची.

फरक नळीत होता. रेमिंग्टनने ओळखलं की हे वुडचकचं काडतूस आहे. म्हणून ७५ आणि ९० ग्रेनच्या गोळ्या आणि बारा इंचांचा सैल पीळ. आखूड गोळीला तो उत्तम. विंचेस्टरने १०० ग्रेनची गोळीही धरली आणि पीळ दहा इंचांचा ठेवला. इथला शेतकरी दोन रायफली घेणारा नव्हता. त्याला एकच हवी होती, जूनमध्ये वुडचकला आणि नोव्हेंबरमध्ये हरणाला. हरणासाठी त्याला १०० ग्रेन हवेत असं वाटे. त्याने .२४३ घेतली. रेमिंग्टनने पुढे पीळ नऊ इंचांवर आणला, १९६३ मध्ये नावही बदलून ‘६ मिलिमीटर रेमिंग्टन’ केलं, पण गिऱ्हाईक कायमचं गेलं होतं. उत्तम पुंगळी, उत्तम रायफल, आणि दोन इंचांनी बाजी हुकली.

सैन्यालाही हाच धडा शिकावा लागला. सुरुवातीच्या एम-१६ रायफलींचा पीळ चौदा इंचांचा होता. कडाक्याच्या थंडीतल्या चाचण्यांत, जड हवेत, गोळ्या डगमगल्या आणि १९६३ मध्ये तो बारावर आणला गेला. पुढे लांब गोळ्या आल्या तेव्हा सातवर.

म्हणून मला कुणी विचारलं की लांब पल्ल्याच्या व्हार्मिंट रायफलीसाठी काडतूस कुठलं, नळी कुठली, तर मी काडतुसाचं नाव शेवटी घेतो. आधी जनावर आणि जमीन बघा. मारायची खरंच गरज आहे का, हा पहिला प्रश्न. पश्चिमेकडच्या गवताळ प्रदेशात प्रेअरी डॉग नावाचे बिळं करणारे प्राणी उपद्रवी ठरले, विषाने आणि प्लेगने त्यांच्या वसाहती ओस पडल्या, आणि त्यांच्यावर जगणारं काळ्या पायांचं फेरेट नावाचं जनावर १९७९ मध्ये नामशेष झाल्याचं मानलं गेलं. १९८१ मध्ये वायोमिंगमधल्या मीटीत्सीजवळ एका पाळीव कुत्र्याने मारून आणलेल्या फेरेटमुळे उरलेली वस्ती सापडली. ‘उपद्रवी’ हा शब्द इतका महाग पडू शकतो.

गरज पटली तर अंतर ठरवा. अंतरावरून गोळी. गोळीच्या लांबीवरून पीळ. गोळ्या सावकाश, एकेक झाडणार असाल तर पातळ नळी चालेल. एका जागी बसून बऱ्याच झाडणार असाल तर जाड नळी घ्या, कारण ती उशिरा तापते आणि कमी हलते. एवढं ठरलं की तेवढी दारू पुरवणारं सर्वांत लहान काडतूस निवडा. हॉर्नेटपासून .२४४ पर्यंतचा सगळा इतिहास मला हाच क्रम सांगतो. ज्यांनी तो उलटा लावला त्यांनी नळ्या जाळल्या किंवा गिऱ्हाईक गमावलं.

इलियनचा कारखाना २०२४ च्या मार्चमध्ये बंद झाला. १८१६ पासूनच्या त्या परंपरेतली हत्यारं आता खोऱ्यातल्या घराघरांत, कपाटांत आणि भिंतींवर उरली आहेत. त्यांतल्या कित्येकांचा पीळ आजच्या लांब गोळ्यांना जुळणारा नाही आणि विकणाऱ्याला ते ठाऊक नसतं. आपल्या घरात असं हत्यार असेल तर गज आणि चिंधी घेऊन एकदा मोजून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे.

आजोबांसाठी आम्ही ७५ ग्रेनच्या आखूड गोळ्या आणल्या. शंभर यार्डांवर पाचही भोकं गोल आली, सव्वा इंचाच्या आत. आजोबा बराच वेळ पुठ्ठ्याकडे बघत राहिले. वडिलांनी ही रायफल १९५६ मध्ये घेतली तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. मी एका चिठ्ठीवर बाबांच्या पद्धतीने ठळक अक्षरांत लिहिलं आणि ती दस्त्याच्या खोबणीत चिकटवली: पीळ १२ इंच. ९० ग्रेनच्या वर गोळी घालू नये.